निळ्या पट्ट्याची रांग

केतकी सरपोतदारचं आडनाव जपानात कुणालाच धड उच्चारता आलं नाही, त्यामुळे गेली चौदा वर्षं ती सगळ्यांची केताकी-सानच होती. टोकियोत हिगाशी-कसाईला ती राहायची त्या इमारतीत निम्मी बिऱ्हाडं भारतीय, त्यातली बरीचशी पुण्या-मुंबईची. कुणाचा नवरा बँकेत, कुणाचा आयटीत. केतकीचं काम मात्र चटकन सांगून कुणाला कळायचं नाही. पुण्यात असताना तिनं हौसेनं स्पॅनिश शिकून घेतलं होतं, अगदी एम.ए.पर्यंत. लग्नानंतर अंबरीषला कंपनीनं टोकियोला पाठवलं तेव्हा सासरचे हसून म्हणाले होते, आता त्या स्पॅनिशचं लोणचं घाल.

लोणचं घालायची वेळ आली नाही. तिनं इथे येऊन जपानी शिकून घेतलं आणि मग तिला कळलं, की या देशात पेरू, बोलिव्हिया, ब्राझीलहून आलेली लाखो माणसं कारखान्यांत राबताहेत. त्यांचे आजे-पणजे कधीकाळी इथूनच बोटीत बसून तिकडे शेतमजुरीला गेले होते. नव्वदच्या सुमाराला इथे कामाला हात कमी पडू लागले, तेव्हा जपाननं त्या नातवंडांना व्हिसा देऊन बोलावून घेतलं. चेहरा जपानी, नाव अर्धं जपानी, आणि तोंडातली भाषा स्पॅनिश, नाहीतर पोर्तुगीज. दवाखान्यात, शाळेत, कोर्टात त्यांना कुणीतरी मधलं माणूस लागायचं. केतकी ते मधलं माणूस झाली.

फुनाबोरीला निशिओ नावाचे वकील होते. परदेशी लोकांच्या व्हिसाच्या केसेस ते बघायचे. इथे वकिलालाही शिक्षकासारखं सेन्सेईच म्हणतात. आठ वर्षं केतकी निशिओ-सेन्सेईंकडे दुभाषी म्हणून जात होती. साठीचा शांत माणूस, आवाज कधी चढला नाही. गरीब अशिलाला स्वतः उठून चहा द्यायचे. केतकी घरी नेहमी म्हणायची, या देशात मला कुणाच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत असेल, तर तो सेन्सेईंच्या.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी तिला एक केस दिली. एफ्राइन हिगा, वय चाळीस, पेरूचा. 'ला फिला' नावाच्या टोळीचा एके काळचा म्होरक्या. वसुली आणि मारहाण यासाठी साडेतीन वर्षं तुरुंगात काढून आलेला. त्याला देशाबाहेर काढायचा हुकूम निघाला होता. बायको रोसा आणि नऊ वर्षांची मुलगी नाओमी इथे, म्हणून विशेष परवानगी देऊन राहू द्यावं असा अर्ज करायचा होता.

"कायद्याचा भाग मी लिहीन," सेन्सेई म्हणाले. "पण ही टोळी कशी सुरू झाली, कशी वाढली आणि हा माणूस तिच्यातून कसा बाहेर पडला, हे वाचणाऱ्याला आतून कळलं पाहिजे. ते तुम्ही त्याच्या तोंडून काढा आणि तुमच्या जपानीत लिहा. केताकी-सान, तुम्ही लिहिता ते खरं वाटतं."

केतकी त्या वाक्यानं सुखावली. दर शनिवारी दुपारी ग्योतोकु स्टेशनजवळच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये, खिडकीशेजारच्या टेबलावर, ती आणि एफ्राइन बसू लागले. मध्ये रेकॉर्डर. तो उंच, खांदे रुंद, गोंदवलेले हात भर उन्हातही लांब बाह्यांखाली झाकलेले. पहिले दोन शनिवार तो नुसता कॉफी पीत राहिला. तिसऱ्या शनिवारी म्हणाला, "प्रोफे, कुठून सुरू करू?"

'प्रोफे' म्हणजे बाई, शिक्षिका. तो तिला तेच म्हणायचा आणि आदरानं बोलायचा. स्पॅनिशमध्येही 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे असतात. तो कायम 'तुम्ही'वर.

"जिथून तुम्हाला आठवतंय तिथून," ती म्हणाली.

मग तो बोलायला लागला, आणि पाच महिने बोलत राहिला.

गुनमा प्रांतातल्या एका कारखान्याच्या गावात सरकारी वसाहत होती. सात नंबरच्या इमारतीत सगळे पेरूचे. बारा वर्षांचा असताना तो तिथे आला. शाळेच्या पहिल्या दिवशी आईनं शाळेच्या इमारतीत घालायचे वेगळे बूट आणले ते लाल किनारीचे, म्हणजे मुलींचे. आईला ठाऊकच नव्हतं. वर्ग हसला. दुसरे घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून टोचत असूनही वर्षभर तेच घातले. मग संगीताच्या तासाची प्लॅस्टिकची बासरी. पोरांनी ती पायाखाली मोडली. वडिलांनी कारखान्यातल्या काळ्या चिकटपट्टीनं जोडून दिली, पण तिच्यातून सूर निघेना. परीक्षेच्या दिवशी तो उभा राहिला, बासरी ओठांना लावली आणि आवाज न करता नुसती बोटं नाचवत राहिला. अख्खं गाणं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकल्यासारखं केलं आणि पूर्ण मार्क दिले.

हे ऐकताना केतकीचे डोळे भरून आले होते. एफ्राइननं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं, तिला सावरायला वेळ दिला. त्याच्या त्या सभ्यपणावरच तिचा खरा विश्वास बसला.

टोळी अशी सुरू झाली: शाळेच्या वाटेवर गावातली मोठी पोरं सात नंबरच्या लहानग्यांना अडवायची, दप्तरं कालव्यात फेकायची. आईबाप सकाळी सहालाच कारखान्याच्या व्हॅनमधून गेलेले. तेव्हा एफ्राइननं आणि त्याच इमारतीतल्या विल्मर ओशिरोनं एक युक्ती काढली. कारखान्यात खोकी बांधायला निळे प्लॅस्टिकचे पट्टे असत. त्यातला एक लांब पट्टा आणायचा, सगळ्या लहान पोरांनी तो एका हातानं धरायचा, पुढे एक मोठा मुलगा, मागे एक, आणि अशी सगळ्यांनी शाळेत जायचं. फिला म्हणजे रांग. त्या रांगेला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. मोठी मुलं उरलेला तुकडा मनगटाला बांधायची, ओळख म्हणून.

"आणि ती पसरली कशी?" केतकीनं विचारलं.

"कुणी पसरवली नाही, प्रोफे. कामगार पुरवणाऱ्या कंपनीच्या व्हॅननं पोचवली. इकडचं काम कमी झालं की शुक्रवारी सांगायचे, सोमवारपासून दुसऱ्या गावी. दोन बॅगा, एक टीव्ही, आणि पोराच्या मनगटाला निळा पट्टा. नव्या शाळेत पुन्हा तेच. मग तिथे नवी रांग. पाच वर्षांत सहा गावं झाली."

"मग बिघडलं कधी?"

"पोरं शाळेतून गळली तेव्हा. सोबत करायला लहान मुलं राहिली नाहीत, सोबत करणारे मात्र राहिले. मग दुकानांना सोबत. न मागितलेली." तो थोडा थांबला. "मी यातलं सगळं केलं. लपवत नाही. पण २००९ साली माझं मन त्यातून उठलं. मंदी आली होती, सरकार म्हणत होतं, तिकिटाचे पैसे घ्या आणि जा, पण पुन्हा या व्हिसावर येऊ नका. तेव्हा विल्मरनं आपल्याच पोरांची नावं पोलिसांना दिली, आणि तिकीट घेऊन लिमाला पळाला. ज्याच्याबरोबर रांग सुरू केली त्यानंच ती विकली. त्यानंतर माझ्या मनात काही उरलं नाही."

केतकीनं हे सगळं लिहिलं. बावीस पानं झाली. एकेका वाक्यासाठी ती रविवारी सकाळी लवकर उठून बसली. बासरीचा परिच्छेद तिनं नऊ वेळा लिहिला. शिवाय ओळखीच्या एकतीस मराठी घरांमधून तिनं विनंतीपत्रावर सह्या आणल्या. लोक कुरकुरले. टोळीवाल्यासाठी सही कशाला? केतकी प्रत्येकाला बासरीची गोष्ट सांगायची आणि लोक पेन मागायचे. अंबरीषनं सगळ्यात शेवटी सही केली.

"तुला खात्री आहे ना?" त्यानं विचारलं होतं.

"अरे, पाच महिने ऐकतेय मी त्याला. माणूस कळतो."

नोव्हेंबरात परवानगी मिळाली. तीन वर्षांची. फुनाबोरीच्या ऑफिसात रोसा केतकीच्या गळ्यात पडून रडली. नाओमीनं तिला कागदाचं पाकीट दिलं, आत स्वतः काढलेलं चित्र. निशिओ-सेन्सेईंनी कमरेत वाकून नमस्कार केला. "हे तुमचं यश आहे," ते म्हणाले.

महिन्यातून एकदा केतकी एका संस्थेमार्फत गुनमातल्या एका इस्पितळात दुभाषी म्हणून जायची. जानेवारीत तिथे एक नवी पेशंट होती. एल्वा ओशिरो, वय सत्तर, मूत्रपिंडं निकामी, डायलिसिस. वीस वर्षं गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात उभं राहून काम केलेली बाई. बोटं वाकडी झालेली, केस मात्र नीट विंचरून चाप लावलेले.

नर्सनं फॉर्म पुढे केला. तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं?

"कुणी नाही," एल्वा म्हणाली. "मुलगा होता. लिमात वारला. साथीच्या वर्षी."

"नाव?" नर्सनं सवयीनं विचारलं.

"विल्मर."

केतकीनं ते नाव जपानीत सांगितलं. सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हणजे हीच त्या विल्मरची आई. खरं तर तिच्या मनात त्या क्षणी आलं ते चांगलं नव्हतं. बिचारी, असं आलं. हिला कुठे माहीत असणार आपल्या पोरानं काय केलं ते.

डायलिसिस चार तास चालतं. डॉक्टरांशी बोलणं वीस मिनिटांत संपलं. केतकी निघाली तर म्हातारीनं मोकळा हात पुढे केला. "बस ना बाळा थोडी. इथे सगळे माझ्याशी हळूहळू आणि मोठ्यानं बोलतात, मी बहिरी असल्यासारखे."

केतकी बसली. एल्वा आधी भारताबद्दल विचारत राहिली, तिथे बटाटे पिकतात का, वगैरे. मग आपोआप मुलावर आली. आणि हसत हसत म्हणाली, "पहिल्या दिवशी मी त्याला मुलींचे बूट घेऊन दिले होते. लाल किनारीचे. मला काय ठाऊक! वर्षभर घातले त्यानं. एकदा बोलला नाही मला."

केतकीला वाटलं, असं बऱ्याच जणांचं झालं असेल. सगळ्याच आया नवख्या होत्या.

"आणि ती बासरी," एल्वा म्हणाली.

केतकीनं पुढचं सगळं ऐकलं. काळी चिकटपट्टी. नुसती नाचवलेली बोटं. पूर्ण मार्क. एल्वानं उशीवर बोटं नाचवून दाखवली, आणि ज्या क्रमानं दाखवली तो क्रम एखाद्या गाण्याचाच होता. बघून बघून पाठ झालेला. या बाईनं आपल्या पोराला घरी सराव करताना पाहिलं होतं, यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

"पट्टा?" केतकीच्या तोंडून निघून गेलं.

एल्वानं चमकून पाहिलं. "तुला कुणी सांगितलं पट्ट्याचं?"

"ऐकलं होतं. एफ्राइन हिगा नावाच्या माणसाकडून."

म्हातारीचा चेहरा एकदम मिटला. मग ती खालच्या आवाजात सांगायला लागली. एफ्राइन सात नंबरमध्ये आला तो सतराव्या वर्षी, दुसऱ्या गावाहून. तोवर रांग चालू होऊन पाच वर्षं झाली होती. ती विल्मरनं काढली, एकट्यानं. एफ्राइन आला आणि विल्मरचा जिवलग झाला. तिच्या घरी जेवायचा. दुकानांकडे पहिल्यांदा गेला तोच. विल्मर भांडला आणि बाहेर पडला, ओतकाम कारखान्यात लागला. २००९ साली पोलिसांनी सगळ्यांना एका दिवसात उचललं. सगळ्यांना, एक सोडून. तो एक म्हणाला, नावं विल्मरनं दिली. पोरांच्या भावांनी विल्मरला कारखान्याच्या दारात गाठलं. त्याचा एक डोळा गेला.

"म्हणून तो तिकीट घेऊन गेला. पुन्हा येता येणार नाही असं लिहून देऊन. मी म्हटलं, तू पुढे हो, मी पेन्शनचं बघून येते. मग माझं हे सुरू झालं." तिनं नळ्यांकडे मान हलवली. "तिकडे हे परवडत नाही. अकरा वर्षं आम्ही फोनवर बोललो."

परतीच्या गाडीत केतकी दोन तास उभीच होती. बसायला जागा होती हे तिला उतरल्यावर कळलं. तिला सारखी स्वतःचीच वाक्यं आठवत होती. नऊ वेळा लिहिलेला तो परिच्छेद. आणि विसाव्या पानावरचं वाक्य, तेही तिचंच: ओशिरो विल्मर यानं आपल्या सोबत्यांचा विश्वासघात केला. सरकारी कागदावर, सहीशिक्क्यानिशी.

सोमवारी ती फुनाबोरीला गेली. सेन्सेई एकटेच होते. तिनं एल्वाचं नाव न घेता विचारलं, "एफ्राइन-सानच्या जुन्या पत्त्यांची नोंद आपल्याकडे आहे का?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग उठले, कपाटातून फाइल काढली आणि एक पान तिच्यासमोर ठेवलं. परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा उतारा. २००१ सालापर्यंत, म्हणजे त्याच्या सतराव्या वर्षापर्यंत, पत्ता दुसऱ्या गावाचा.

"हे तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मला का दाखवलं नाही?"

निशिओ-सेन्सेईंनी चष्मा काढून पुसला. "केताकी-सान, तुम्ही विश्वास ठेवून लिहिलंत, म्हणून त्या मजकुरात जीव आला. हे पान पाहिलं असतंत तर तुम्ही अडखळला असता. माझं काम एका मुलीचा बाप तिच्याजवळ ठेवणं हे होतं. ते झालं."

"आणि ज्याचं नाव मी लिहिलं तो?"

"तो या देशात नव्हता."

आवाज अजिबात चढला नव्हता. त्यांनी उठून तिच्यासाठी चहा ओतला, आणि त्या चहाकडे बघताना केतकीला आठ वर्षांत पहिल्यांदा वाटलं, की आपण या माणसाच्या समोरच्या खुर्चीत कायम अशिलासारख्याच बसत आलो. आपल्याला तेवढं कळलं नाही.

एफ्राइनला तिनं त्याच रेस्टॉरंटमध्ये बोलावलं, शनिवारीच. तो गोदामातलं काम संपवून आला, खुशीत होता. "प्रोफे! रोसा म्हणत होती, तुम्हाला जेवायला बोलवायचंय."

"बासरी कुणाची होती?" केतकीनं विचारलं.

तो हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून बसला, जणू ते काढून कुठे ठेवायचं हे त्याला सुचत नव्हतं.

"कुणी सांगितलं?"

"कुणाची होती?"

"विल्मरची." त्यानं कप बाजूला सारला. "तो मला झोपताना सांगायचा. सात नंबरमध्ये आम्ही एका खोलीत झोपायचो. मला त्या सगळ्या गोष्टी त्याच्यापेक्षा नीट सांगता येतात."

"आणि नावं? पोलिसांना नावं कुणी दिली?"

त्यानं बाही मनगटाखाली ओढून घेतली. ते पुरेसं होतं.

"तुम्ही मला खोटं सांगितलंत," केतकी म्हणाली. "पाच महिने. मी त्यावर रडले. माझ्या माणसांच्या सह्या आणल्या मी."

"खरं सांगितलं असतं तर काय लिहिलं असतंस?"

पहिल्यांदाच तो 'तू'वर आला होता.

"खरं सांगू? मी सतरा वर्षांचा होतो, मनगटाला पट्टा बांधून एका दुकानात शिरलो आणि दुकानदारानं मान खाली घातली. मला ते आवडलं. बस. एवढीच माझी गोष्ट. माझ्या बुटांना कुणी हसलं नाही, माझी बासरी कुणी मोडली नाही. ही गोष्ट एवढा जीव लावून लिहिली असतीस तू? तिच्यावर रडली असतीस? तुला रडायचं होतं, केतकी. पहिल्या दोन शनिवारी तू माझ्याकडे कशी बघत होतीस ते मी पाहिलं. तुला हवं होतं ते मी दिलं."

"तो तुमचा मित्र होता."

"तो मेलाय. त्याला त्या बासरीचा आता काय उपयोग? माझी मुलगी जिवंत आहे."

केतकी उठली. बाहेर स्टेशनच्या सायकल-तळापाशी ती लोखंडी दांडा धरून उभी राहिली. त्याच्या बोलण्यातला एक तुकडा खरा होता, आणि तोच तिला सहन होत नव्हता.

घरी अंबरीषनं सगळं ऐकून घेतलं. "आता मागे घेतलंस तर त्या पोरीचं काय?" तो म्हणाला. "आणि आपण त्या एकतीस जणांना काय सांगायचं?" रागानं नाही, खरंच विचारत होता. शेजारच्या खोलीतून त्यांच्या मुलीनं, अक्षयानं, जपानीत ओरडून विचारलं, जेवायला कधी बसायचं. अंबरीष उठून पानं घ्यायला लागला.

एवढं मात्र तिला कळत होतं, की त्या म्हातारीला न सांगता आपल्याला पुढचं पाऊल टाकता येणार नाही. फेब्रुवारीत, संस्थेच्या कामाचा दिवस नसताना, ती स्वतःचं तिकीट काढून गुनमाला गेली. डायलिसिस चालू होतं. केतकीनं खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. एका दुभाषीनं बाहेर बोलू नये ते सगळं.

शेवटी एल्वा म्हणाली, "त्या कागदात माझ्या मुलाचं नाव आहे?"

"हो."

"वाचून दाखव."

केतकीनं विसावं पान काढलं आणि जपानीतून स्पॅनिशमध्ये सांगितलं, नेहमी सांगते तसं, काही न वगळता, काही न मऊ करता.

"हे तू लिहिलंस."

"त्यानं सांगितलं, सेन्योरा. मी फक्त..."

"नाही. एफ्राइनला असं बोलता येत नाही. पोरगा होता तेव्हापासून ओळखते मी त्याला. हे तू लिहिलंस." मग थोड्या वेळानं, "बासरीचंही वाच."

केतकीनं वाचलं. म्हातारीचे डोळे मिटलेले होते.

"चांगलं सांगितलंय," ती म्हणाली. "म्हणजे विल्मरनं त्याला सगळं सांगितलं होतं. एवढं तर तो मलाही बोलला नाही. बूट टोचायचे, हे मला माहीत नव्हतं."

केतकीनं पानं पुन्हा एकत्र लावली.

"त्याची मुलगी केवढी आहे?"

"नऊ वर्षांची. आता दहा होईल."

"कुणाचं पोर बापापासून तोडायचं नाही मला. माझं तोडलं तेवढं पुरे. पण माझ्या मुलाचं नाव त्या कागदावरून काढ. कसं काढायचं ते तुझं तू बघ." आणि तिनं मान भिंतीकडे वळवली. "आता जा तू."

केतकीनं इमिग्रेशनच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. दीड पानच. मी भाषांतर आणि लेखन केलेल्या निवेदनात ओशिरो विल्मर या मृत व्यक्तीबद्दलचा मजकूर खोटा असल्याचं मला आता समजलं आहे. तो माझ्या नावानं मी मागे घेत आहे. बाकी कशाबद्दल तिनं लिहिलं नाही. पाठवण्याआधी निशिओ-सेन्सेईंना प्रत दिली. त्यांनी ती वाचून व्यवस्थित घडी घातली आणि म्हणाले, "समजलो." त्यानंतर त्यांच्या ऑफिसातून फोन आला नाही. आठ वर्षांचं काम असं एका शब्दात संपलं.

अर्थात नुसतं एक नाव काढून कागद शांत बसत नाही. कार्यालयानं एफ्राइनला बोलावलं, दोनदा. तीन वर्षांची परवानगी एक वर्षावर आणली, पुढच्या खेपेला पुन्हा चौकशी. त्याला काढलं नाही. एप्रिलमध्ये त्याचा एक आवाजी निरोप आला, अर्ध्या मिनिटाचा. पहिली वीस सेकंदं मागे नाओमी कुणाशी तरी जपानीत हसत बोलत होती. मग त्यानं एकच शब्द उच्चारला. खबरी. ज्या शब्दावरून विल्मरचा डोळा गेला होता, तोच.

एकतीस घरांना केतकीनं एकेक करून सांगितलं. काहींनी समजून घेतलं. दोन-तीन बायकांनी इमारतीच्या लिफ्टमध्ये तिच्याशी बोलणं सोडलं. एक जण म्हणाला, "तरी मी म्हणत होतो." तो तसं म्हणाला नव्हता, पण तिनं वाद घातला नाही.

कार्यालयाचं उत्तर मे महिन्यात आलं: संबंधित मजकूर निर्णयातून वगळण्यात आला आहे. तिनं त्याचं स्पॅनिश केलं, स्वच्छ टाइप केलं आणि दोन्ही कागद एल्वाला पोस्टानं पाठवले. पंधरा दिवस वाट पाहून संस्थेला फोन केला, गुनमाची माझी पुढची तारीख कुठली?

पलीकडची मुलगी जरा घुटमळली. "केताकी-सान, ओशिरो-सान म्हणाल्या, दुसरं कुणी पाठवा. तक्रार नाहीये हं. आता आम्ही बोलिव्हियाची एक मुलगी पाठवतो. दोघींचं छान जमलंय. परवा तर हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, नर्स सांगत होती."

"पत्र मिळालं का त्यांना?"

"हो, त्या मुलीनं वाचून दाखवलं म्हणे."

"काही म्हणाल्या?"

"नाही. घडी करून पिशवीत ठेवलं."

केतकीनं आभार मानून फोन ठेवला. म्हातारी हसते आहे, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. तसं वाटायची तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग धुतलेले कपडे आत आणायला गॅलरीत गेली.